सरकारची कातडी

सरकारला कातडी नसते, ही गोष्ट जिल्हा न्यायाधीशांच्या लक्षात आली तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला थोडाच वेळ उरला होता. सुट्टी आधी झाली असती तर पुढचं काही घडलंही नसतं. पण न्यायाधीशांना त्या दिवशी भूक नव्हती.

"मॅडम," चष्मा काढून ते म्हणाले, "हे डोंगराखालचं गायरान पहिल्यापासून सरकारच्या ताब्यात आहे म्हणता. वादी शिक्षणसंस्था म्हणते, तीस वर्षं आमच्या ताब्यात आहे. त्यांच्या वॉचमनचे अंश मातीत सापडलेत, शिपायाचे सापडलेत, अध्यक्षांच्या मेहुण्याचेसुद्धा सापडलेत. सरकारचे कुठे आहेत?"

"सरकारला अंग कुठंय साहेब?" संस्थेचे वकील पिराजी लोंढे बसल्या जागेवरून म्हणाले. "अंग असतं तर एखादी तरी गोष्ट त्यानं अंगाला लावून घेतली नसती का?"

कोर्ट हसलं. वरिष्ठ सरकारी वकील उज्ज्वला खरमाटे हसली नाही. जमिनीचे दावे लढवण्यात तिची उभी हयात गेली होती. बिल्डर, संस्थाचालक आणि स्वयंघोषित महंत यांनी गिळलेल्या सरकारी जमिनी तिनं त्यांच्या घशात हात घालून बाहेर काढल्या होत्या. संसार मांडायचा राहून गेला होता, आणि तो राहिलाय हे आठवायलाही तारखांमधून सवड झाली नव्हती.

मातीवरून ताबा ठरवायचा कायदा तेव्हा नवा होता. त्यामागचं शास्त्र मात्र साधं होतं. माणूस जिवंत असेतो झडत असतो. कातडीचे पापुद्रे, केस, थुंकी, नखांची धूळ. जिथे राहील तिथे तो स्वतःला थोडा थोडा सांडत राहतो. त्यातल्या डीएनएचे तुकडे चिकणमातीचे कण घट्ट धरून ठेवतात, आणि दरवर्षी त्यावर धुळीचा नवा थर बसतो. थराचं वय वाळू सांगते. वाळूचा कण उन्हातून अंधारात गाडला गेला की भोवतालच्या मातीतला अगदी बारीक किरणोत्सार शोषत राहतो. यंत्रात त्याच्यावर प्रकाश पाडला की साठवलेलं सगळं एका चमकेत ओकून टाकतो. चमक मोठी, तर कण जुना. म्हणजे वीतभर माती काढली की तिथे कोण होतं आणि कधीपासून कधीपर्यंत होतं, ते कळतं. सातबाऱ्यात खाडाखोड होते, साक्षीदार फितूर होतो, मातीला मात्र कुणी पाकीट देऊ शकत नाही. म्हणून कायद्यानं बाकीचे सगळे पुरावे बाद केले. यंत्राचं सरकारी नाव 'भूस्मृती' होतं. लोक त्याला हुंग्या म्हणायचे.

"साहेब," उज्ज्वला म्हणाली, "मालक स्वतः शेतात राबत नाही, गडी राबतो. म्हणून शेत गड्याचं होत नाही. नोकराचा ताबा तो मालकाचा ताबा. सरकार स्वतः कुठेच जात नाही, सरकारचा नोकर जातो."

"कुठला नोकर?" लोंढे म्हणाले. "त्या गायरानाला आजवर इतके तहसीलदार झालेत की सगळ्यांचे केस गोळा केले तर गादी भरेल. अर्धे बदलून गेले, अर्धे वरती गेले."

"मग माझा नमुना घ्या," उज्ज्वला म्हणाली.

तिला खात्री होती. ज्या जमिनीचं भांडण, ती जमीन स्थळपाहणीला अनवाणी चालायची, ही तिची रीत. तिचे वडील मोजणी खात्यात साखळी ओढायचे. मोजणीला गेलं की ते बांधावर चपला काढून ठेवत. आपण लोकांच्या पोटावर पाय ठेवतोय हे तळपायाला तरी कळावं, असं म्हणत. लेक वकील झाली, तारखांना काळा कोट घालू लागली, पण बांध आला की चपला काढायची. हे गायरान तर तिनं वकिलीच्या पहिल्या वर्षापासून तुडवलं होतं.

कापसाचा बोळा तिच्या गालाच्या आतून फिरला. पुढच्या तारखेला अहवाल आला: ती प्रत्येक थरात होती. गायरान वाचलं. "यंत्र चुकत नाही साहेब," ती शेवटच्या युक्तिवादात म्हणाली, आणि न्यायाधीशांनी ते वाक्य निकालात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

शासनानं या विजयातून धडा घेतला. शासन धडा घेतं तेव्हा कुणाची तरी खैर नसते. महिन्याभरात राजपत्रात अधिसूचना आली की श्रीमती उज्ज्वला विठोबा खरमाटे यांचा देह जमीनविषयक सर्व प्रयोजनांसाठी शासनाचा देह समजण्यात येईल, आणि तो पूर्वीपासूनच तसा होता असे समजण्यात येईल.

"अभिनंदन मॅडम," लोंढे कोर्टाच्या पायरीवर म्हणाले. "आता तुम्ही शिंकलात की आम्ही नोटीस लागू झाली असं धरायचं का?"

लोंढ्यांच्या विनोदाला शासनानं लवकरच मागे टाकलं. उज्ज्वलाला देहभत्ता सुरू झाला. तिनं केस कापायचे ते सरकारी भूखंडावर, दोन पंचांसमोर. नखंही तशीच. आठवड्यातून एकदा तिला जीपमधून एखाद्या ओसाड प्लॉटवर नेऊन खुर्चीवर बसवत. शिपाई तिच्यावर छत्री धरायचा, मग कुणीतरी शंका काढली की छत्रीमुळे झडण कमी होते, आणि छत्री गेली. एकदा तिला सणकून ताप आला. रजेचा अर्ज परत आला. वर शेरा होता: शासन आजारी पडत नाही.

ओळखीची माणसं हळूहळू अंग चोरू लागली. कॉलेजपासूनच्या मैत्रिणीनं आधी सोफ्यावर वर्तमानपत्र अंथरलं, मग प्लॅस्टिक, मग म्हणाली, आपण बाहेरच भेटू या गं. बाहेर हॉटेलमालकानं हात जोडले. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं लग्नाचं जेवण गाडीत आणून दिलं. ती जिथे टेकेल तिथे सरकार टेकत होतं. टेकलेलं सरकार उठत नाही, हे लोकांना अनुभवानं माहीत होतं.

या सगळ्याचं तिला वाईट वाटलं, पण झोप उडाली नाही. झोप उडाली ती वाघोशीच्या सडकेवर.

वाघोशी म्हणजे घाटाखालचं तिचं गाव. गावठाणाच्या कडेला वडिलांनी घर बांधलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणाऱ्या माणसानं स्वतःची जागा कधी नावावर करून घेतली नाही. त्या ओळीतल्या कुणीच घेतली नव्हती. वडील गेले त्यालाही खूप वर्षं झाली. आता घरात आई, धाकटा भाऊ दिगंबर आणि त्याची बायको कुसुम. दिगंबरची भाताची गिरणी होती.

"ताई, थांब तिथंच!" गाडीतून उतरताच दिगंबर ओरडला. त्याच्या हातात खराटा होता, पायाशी पाण्याची बादली. "डांबराच्या खाली पाय नको ठेवूस."

"अरे, मी आहे."

"तूच आहेस म्हणून तर. उद्या ह्या जागेचा प्रश्न निघाला तर? सरकार हितं येऊन चहा पिऊन गेलं, असं निघायचं मातीत."

आई ओट्यावर बसली होती. मध्ये अंगण होतं, शेणानं सारवलेलं, गुळगुळीत. साऱ्या आळीनं फरशा घातल्या, आईनं घालू दिल्या नाहीत. हात चालतायत तोवर सारवणार, म्हणायची.

"उजे, केस किती पिकले गं तुझे!" आईला मोठ्यानं बोलावं लागत होतं. "तेल लावत नाहीस का?"

"वेळ होत नाही आई."

"ये, बस पुढ्यात. लावून देते."

दिगंबरनं आईकडे बघितलं. आईनं उचललेली तेलाची बाटली खाली ठेवली. मग जरा वेळानं म्हणाली, "लेक म्हणून नको, सरकार म्हणून तरी ये की एकदा. सरकारला कुणी अडवतंय का?"

"आई, त्यालाच तर अडवतोय!"

कुसुमनं डबा आणून सडकेच्या मोरीच्या कठड्यावर ठेवला आणि चार पावलं मागे सरकली. "वन्सं, घावन आहेत. डबा परत नका आणू."

उज्ज्वलानं गाडीला टेकून, सडकेवर उभ्यानं घावन खाल्ले. ती खात असताना आई तिकडून बघत होती. निघताना आरशात दिसलं, ती उभी होती तेवढं डांबर दिगंबर पाण्यानं धूत होता.

असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षांत तिनं त्या अंगणात पाऊल टाकलं नाही.

मग वाघोशीला कोरडं बंदर करायचं ठरलं. म्हणजे समुद्राशिवाय नुसतेच कंटेनर. गावठाणाकडेच्या सगळ्या घरांना नोटिसा गेल्या आणि हुंग्या आळीत फिरला. आळीचं नशीब चांगलं होतं. जो तो आपापल्या मातीत तीस वर्षांहून जास्त सापडला आणि घरं ज्याची त्याच्या नावावर झाली. मुकादमाची झाली, परटाची झाली, दारूच्या गुत्तेवाल्याचीसुद्धा झाली. फक्त एका मिळकतीचा अहवाल वेगळा आला. तो रीतीप्रमाणे शासनाच्या वकिलांच्या टेबलावर आला.

उज्ज्वलानं तो वाचला. 'सर्वांत खालच्या थरापासून सर्वांत वरच्या थरापर्यंत शासनाचा अखंड वावर आढळतो. शासन हाताने जमीन सारवत असावे; प्रत्येक सारवणात तळहाताच्या त्वचेचे विपुल अंश आहेत. खालच्या थरांत शासनासोबत एक अनोळखी इसम राहत असल्याचे दिसते. त्यानंतर तो आढळत नाही. वरच्या थरांत दुसरा अनोळखी इसम आढळतो, त्याचा वावर तीस वर्षांपेक्षा कमी आहे. निष्कर्ष: ताबा शासनाचा. जिल्ह्यात आजवर इतका स्वच्छ नमुना मिळालेला नाही.'

पहिल्या अनोळखी इसमाच्या ओळीवर ती बराच वेळ बोट ठेवून बसली. मग तिनं विधी सचिवांना फोन लावला.

"सर, यंत्र माझ्या आईला मी समजतंय."

"म्हणजे यंत्र चुकतंय?"

"चुकत नाही. अर्थ चुकतोय."

"अर्थ लावणं कोर्टाचं काम. आणि यंत्र चुकत नाही असं कोर्टात कोण म्हणालं होतं, मॅडम?"

"मी या दाव्यातलं वकीलपत्र सोडते."

"जरूर सोडा. देह सोडायची तरतूद नाही." कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही, आहे तशी. पण मग अधिसूचना तुमच्या भावाच्या नावानं काढावी लागेल. यंत्राच्या लेखी फरक पडत नाही."

तिनं वकीलपत्र सोडलं नाही. सोडलं असतं तर ते दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं, आणि दुसरा मन लावून लढला असता.

कोर्टाच्या कँटीनमध्ये तिला टेबलावर बसायला बंदी होती, म्हणून ती बाहेर व्हरांड्यात उभी राहून चहा प्यायची. लोंढे तिथे आले. दिगंबरनं त्यांनाच वकील केलं होतं, कारण तालुक्यात सरकारविरुद्ध उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

"पेशीच्या केंद्रकातला डीएनए तपासून मागा," उज्ज्वला पेल्यात बघत म्हणाली. "हुंग्या तो तपासत नाही, कारण मातीत तो टिकत नाही. पण सारवणात टिकला असेल. रोजचा हात, शेणामातीत दाबलेला, थरावर थर. त्यात आई वेगळी निघेल, मी वेगळी."

"मॅडम, विरुद्ध पक्षाला सल्ला देताय?"

"मी चहा पितेय."

पुन्हा नमुना घ्यायचा लोंढ्यांचा अर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाला.

त्या रविवारी ती वाघोशीला गेली. सडकेवर उभी राहिली. दिगंबर खराटा न घेता आला. कागद त्याच्या हातात चुरगळला होता.

"दोन वर्षं मी तुला हितं उभी केली," तो म्हणाला. "आणि हा कागद म्हणतोय, सरकार घरातच होतं. आमच्याबरोबर जेवत होतं. हे कसं गं?"

तिनं समजावून सांगितलं. पेशीच्या मधोमध एक केंद्रक असतं, त्यात माणसाचा जवळजवळ सगळा डीएनए असतो, पण पेशीत केंद्रक एकच. मातीत तो लवकर तुटतो. पेशीत बाहेरच्या बाजूला तंतुकणिका असतात, शेकड्यानं, आणि प्रत्येकीत स्वतःचा छोटासा डीएनए असतो. शेकडो असल्यामुळे त्यातला काही ना काही उरतोच. यंत्र तोच वाचतं. आणि तो फक्त आईकडून येतो. आईचा जो, तोच तिचा, तोच दिगंबरचा.

"बाबांचा?"

"बाबांचा नाही."

दिगंबरनं कागदाकडे बघितलं. "म्हणजे हा पहिला अनोळखी इसम..."

"हो."

"आणि हा दुसरा इसम कुसुम?"

"हो."

"म्हणजे ह्या घरात सरकारी नसलेलं माणूस एकच," दिगंबर म्हणाला. "ती. आणि तिची वर्षं कमी पडतायत."

ओट्यावरून आईनं विचारलं, "काय म्हणतीय ती?"

"म्हणतीय, तू सरकार आहेस!"

"मग पेन्शन का नाही मिळत?" आई म्हणाली. कुसुमला हसू आलं, मग तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

दिगंबर पायानं सडकेची खडी उकरत होता. खाली बघतच त्यानं विचारलं, "हे मातीतलं... जातं कशानं?"

साक्षीदाराला पिंजऱ्यात पाठवताना उज्ज्वला नेहमी बजावायची: विचारलं तेवढंच सांगा. जन्मभर दुसऱ्यांना पढवून ती सवय तिच्याच जिभेवर बसली होती.

"उष्णतेनं," ती म्हणाली. "चांगलं भाजलं की तुकडे उरत नाहीत."

पुढचं त्यानं विचारलं नाही. सारवणात आईची सुटका आहे, हे विरुद्ध पक्षाच्या अशिलाला थेट सांगायचा तिला अधिकार नव्हता, आणि लोंढे सांगतीलच असं तिनं धरलं. लोंढ्यांनी अशिलाला एवढंच सांगितलं की पुन्हा नमुना घ्यायला येणार आहेत. तांत्रिक गोष्टी अशिलाला सांगितल्या की अशील फी कमी करा म्हणतो, असा त्यांचा अनुभव होता.

त्या मुलखात पेरणीआधी राब भाजतात. भाताचं रोप टाकायची जागा निवडायची, तिच्यावर शेण, वाळका पाला, काटक्या, गवत पसरायचं, वरून मातीची भुकटी टाकायची आणि पेटवून द्यायचं. जमीन सावकाश, खोलवर भाजली जाते. दिगंबरनं जन्मभर राब भाजले होते. पण त्याचं मन तेवढ्यावर भरेना, म्हणून त्यानं अंगण आणि परसू वीतभर उकरलं, ढेकळं फोडली, थर लावले, आणि एकदा नाही, दोनदा भाजलं. आईचे हात ज्याच्यावर फिरले होते ते सगळं तो नेटानं भाजत होता. आई ओट्यावरून धुराआड बघत होती. कशाला, म्हणून तिनं विचारलं. घर वाचवायला, असं तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्यानं उज्ज्वलाला फोन केला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, भाजून काढलं सगळं. आता सरकारचा एक कण नाही आमच्या मातीत. नमुना घेऊन गेले आजच."

उज्ज्वला तेव्हा एका सरकारी प्लॉटवर खुर्चीत बसली होती.

"ताई? ऐकू येतंय ना?"

"येतंय," ती म्हणाली.

"जिंकलो ना मग?"

ज्या जमिनीवर कुणाचाच ताबा सिद्ध होत नाही ती शासनाची, हे जमीन महसुलाच्या कायद्याचं पहिलं पाऊल. विद्यार्थ्यांना ते पहिल्या तासाला शिकवतात. दिगंबरला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं.

"दिगू," ती म्हणाली, "तारखेला कोर्टात कुणीही विचारलं तर राब भाजला म्हण. दर वर्षी भाजतो म्हण. त्याच्यापुढे एक अक्षर बोलू नकोस."

तारखेला न्यायाधीशांनी नवा अहवाल दोनदा उलटसुलट करून बघितला. "नमुना निरंक," त्यांनी वाचलं. "कुणाचाही वावर आढळत नाही. राख व कोळशाचे अंश. हा काय प्रकार आहे? मागच्या वेळी जिल्ह्यातला सर्वांत स्वच्छ नमुना आणि या वेळी काहीच नाही? माती कुणी मुद्दाम जाळली असेल तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होतो. लोंढे?"

लोंढे उभे राहिले. त्यांनी मागे वळून बघितलं. मागच्या बाकावर दिगंबर बसला होता. त्याच्या हातावर भाजल्याचे फोड होते आणि ते त्यानं झाकलेही नव्हते.

"मॅडम, शासनाचं म्हणणं काय?"

मुद्दाम जाळली म्हणावं, तर दिगंबर तुरुंगात आणि पहिला अहवाल कायम, घर जाणारच. नाही म्हणावं, तर कोऱ्या मातीचा नियम, घर जाणारच. उज्ज्वला आयुष्यात जमिनीच्या बाबतीत खोटं बोलली नव्हती. त्या मानानं हे खोटं फारच लहान होतं, आणि त्यातून जमीन मिळणार होती ती सरकारलाच.

"साहेब, त्या भागात राब भाजण्याची पूर्वापार रीत आहे," ती म्हणाली. "पेरणीआधी सगळेच भाजतात. यात शासनाला काही संशयास्पद वाटत नाही."

"घराच्या अंगणात?"

"जिथे जागा असेल तिथे, साहेब."

न्यायाधीश तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "मग दुसरा अहवाल ग्राह्य धरायचा?"

"हो."

"म्हणजे कुणाचाही ताबा नाही."

"नाही."

"म्हणजे जागा?"

कोर्टात पंखा फिरत होता.

"शासनाची," उज्ज्वला म्हणाली.

दिगंबर बाहेर व्हरांड्यात तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळ आला होता. "तूच म्हणालीस," तो म्हणाला. "उष्णतेनं जातं, तूच म्हणालीस ना?" ती हो म्हणाली. त्यानं आणखी काही विचारलं नाही. त्या वेळी त्यानं काहीही विचारलं असतं तरी तिनं सगळं सांगितलं असतं.

ताबा घ्यायची रीत कायद्यात लिहिलेली होती. शासनदेहानं जागेत प्रत्यक्ष जायचं, बसायचं, वावरायचं, आणि पंचांनी ते लिहून घ्यायचं. तहसीलदार, दोन पंच आणि उज्ज्वला असे चौघे वाघोशीला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. सामान टेम्पोत भरलं होतं. दिगंबर आणि कुसुम सडकेवर उभे होते, अगदी तिथेच, जिथे उभं राहून तिनं घावन खाल्ले होते. त्यांना आता डांबराच्या खाली यायची परवानगी नव्हती.

आई मात्र ओट्यावर बसून होती. तहसीलदारांनी दोनदा विनंती केली. तिनं ऐकली नाही.

उज्ज्वलानं सडकेच्या कडेला चपला काढल्या आणि पाय खाली ठेवला. माती काळी पडली होती, भुसभुशीत झाली होती, पायाखाली चुरत होती. तिला आठवत होतं ते अंगण थंड आणि कडक होतं. ती चालत ओट्यापाशी गेली.

"आलं का सरकार?" आई म्हणाली. "बस."

ती आईच्या पायाशी, खालच्या पायरीवर, पाठ करून बसली. आईनं शेजारची बाटली उचलली, तळहातावर तेल घेतलं आणि तिच्या टाळूवर थापलं. आईचा हात खरखरीत होता. दोन वर्षं जे वाचवायला ती अंगणाबाहेर थांबली होती, ते सगळं गेल्यावर तो हात डोक्यावर आला होता. आईनं फणी फिरवली. केस पुष्कळ गळत होते. लहानपणापासूनची रीत म्हणून आई गळलेला केस न् केस फणीतून काढून बोटाला गुंडाळू लागली. केस अंगणात उडू द्यायचे नाहीत, असा तिचा दंडक होता.

"आजी," तहसीलदार जरा अवघडून म्हणाले, "ते गोळा नका करू. खालीच पडू द्या. नोंदीला लागतात."

आईनं बोटावरच्या गुंडाळीकडे बघितलं. मग बोट झटकलं. गुंडाळी राखेत पडली.

"आई, चल आता," उज्ज्वला म्हणाली.

"थांब." आईनं स्वतःचा अंबाडा सोडला. पातळ, पांढरे केस खांद्यावर आले. त्याच फणीनं ती ते विंचरू लागली, सावकाश, जणू दिवसभर दुसरं काही काम नव्हतं. गळलेले केस तिनं खाली सोडले, लेकीच्या केसांवर. सडकेवर दिगंबरनं तोंड फिरवलं.

"अहो, तुमचे कशाला?" तहसीलदार म्हणाले.

"असू द्यात," आई म्हणाली. "तुमच्या यंत्राला कुठं फरक कळतोय?"

वारा आला. काळ्या मातीवर केस एकमेकांत गुंतले. पंच खाली वाकून बघू लागले. त्यातले कुठले कुणाचे, ते त्यांना सांगता येईना. शेवटी एकानं कागद गुडघ्यावर धरला आणि लिहिलं: केस, दोन्ही, शासनाचे.